वार्धक्यात आत वळणारी खालची पापणी : लहानशा शस्त्रक्रियेने दृष्टीचे रक्षण

बेंगळुरू : वयाची साठी ओलांडल्यानंतर डोळ्यातून सतत पाणी येणे, डोळा लाल होणे, आत काहीतरी खुपत असल्यासारखे वाटणे या तक्रारी सर्रास आढळतात. ‘वयोमानाप्रमाणे चालायचेच’ असे म्हणून किंवा औषधाच्या दुकानातून आणलेले थेंब घालून त्या निभावून नेल्या जातात. परंतु काही रुग्णांत या त्रासाचे मूळ डोळ्यात नसून खालच्या पापणीत असते. ही पापणी आतल्या बाजूस वळते आणि प्रत्येक उघडझापीबरोबर तिचे केस डोळ्यावर घासू लागतात. वैद्यकीय परिभाषेत या विकारास ‘एन्ट्रोपियन’ असे म्हणतात.

बेंगळुरूतील कोरमंगला ही वसाहत माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील तरुण कुटुंबांची म्हणून परिचित आहे. नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे अनेकांचे वृद्ध आईवडील राहावयास येतात. १९६३ साली स्थापन झालेल्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय याच भागात असून तेथे नेत्रविभाग आहे. शहराच्या जुन्या भागात मिंटो हे शासकीय नेत्र रुग्णालयही आहे. थोडक्यात, मोठ्या शहरांत उपचारांची सोय आहे. उशीर होतो तो बहुधा विकार ओळखण्यात.

पापणी आत का वळते?

खालच्या पापणीला ताठपणा देणारा, सुमारे चार मिलिमीटर उंचीचा, घट्ट ऊतींचा एक पट्टा असतो. त्याची दोन्ही टोके बळकट बंधांनी हाडाला जोडलेली असतात. त्याची खालची कड एक पातळ पडदा खाली ओढून धरतो, तर वरून डोळा मिटणारा वर्तुळाकार स्नायू पसरलेला असतो. या ताणांचा समतोल असेपर्यंत पापणी डोळ्याला लागून सरळ उभी राहते.

वाढत्या वयात हा समतोल तीन प्रकारे बिघडतो. टोकांचे बंध सैल पडल्याने पापणी आडवी ढिली होते. खाली ओढणारा पडदा विरल होतो किंवा पट्ट्यापासून सुटतो. त्यामुळे मोकळा झालेला स्नायू वर सरकून पापणीच्या कडेवर चढतो व तिला आत लोटतो.

तरुण वयात आत वळलेली पापणी दिसल्यास तज्ज्ञ निराळी कारणे शोधतात. भाजणे, रासायनिक इजा किंवा खुपऱ्यांचा जंतुसंसर्ग यांमुळे पापणीच्या आतील अस्तरावर व्रण पडतात आणि ते आक्रसून पापणीला ओढतात. खुपऱ्यांत हे प्रामुख्याने वरच्या पापणीत घडते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, भारतातून हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपुष्टात आल्याचे जाहीर केले. वार्धक्यामुळे होणाऱ्या विकाराला मात्र कोणताही जंतू कारणीभूत नसतो.

दुर्लक्ष केल्यास

सतत घासणाऱ्या केसांमुळे कॉर्निया, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडदा, खरचटतो. त्या ओरखड्यांत जंतुसंसर्ग झाल्यास व्रण होतो आणि तो भरून आल्यावरही पांढरा डाग राहू शकतो. यालाच ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणतात. असा डाग मध्यभागी पडल्यास दृष्टी कायमची अधू होते. चिमट्याने केस उपटल्यास काही आठवडे आराम वाटतो, पण केस पुन्हा उगवतात आणि वळलेली पापणी तशीच राहते.

तपासणी व तात्पुरते उपाय

तपासणीत डॉक्टर पापणी बोटाने खाली ओढून सोडतात. ती लगेच जागेवर न परतल्यास ढिलेपणा सिद्ध होतो. रुग्णास डोळे घट्ट मिटून उघडावयास सांगितले जाते, कारण हा दोष प्रारंभी अधूनमधूनच प्रकट होतो. विशिष्ट रंगद्रव्य घालून कॉर्नियावरील ओरखडेही पाहिले जातात.

शस्त्रक्रिया होईपर्यंत वंगणासारखे थेंब व मलम दिले जाते. पापणी चिकटपट्टीने गालाकडे ओढून ठेवता येते. बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनाने स्नायू काही महिने शिथिल करता येतो. हे सर्व उपाय वेळ मिळवून देतात. सैल झालेले बंध त्यांनी घट्ट होत नाहीत.

शस्त्रक्रियेचे प्रकार

सर्वांत सोप्या पद्धतीत पापणीतून टाके घालून तिची कड बाहेर वळवली जाते. यास काही मिनिटेच लागतात. त्यामुळे अतिवृद्ध किंवा आजारी रुग्णांसाठी ही पद्धत सोयीची ठरते. दुसऱ्या पद्धतीत बाहेरच्या कोपऱ्याजवळ पापणी आखूड करून डोळ्याच्या खोबणीच्या हाडावरील आवरणाला घट्ट शिवली जाते. तिसरीत सुटलेला पडदा पुन्हा पट्ट्याला जोडला जातो. बहुतेकदा दोन पद्धती एकत्र वापरतात.

२०१० साली ‘ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत केवळ टाके घातलेल्या रुग्णांपैकी सुमारे एकपंचमांशांची पापणी दीड वर्षात पुन्हा वळली. टाक्यांबरोबर पापणी घट्टही केलेल्या गटात असे एकही उदाहरण आढळले नाही. म्हणूनच कोणता ताण सैल झाला आहे, हे पाहून पद्धत निवडणे महत्त्वाचे ठरते.

शस्त्रक्रिया साधारणपणे केवळ तेवढा भाग बधिर करून होते व रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे; ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. नंतर काही दिवस सूज व काळेनिळेपणा राहतो. थंड शेक, मलम आणि डोळा न चोळणे एवढे पथ्य पुरते. रक्तस्राव, संसर्ग, पापणी गरजेपेक्षा अधिक बाहेर वळणे किंवा दोष परतणे हे धोके संभवतात.

मोतीबिंदूच्या रुग्णांनी

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेस निघालेल्या वृद्धांची पापणी आधी तपासणे विशेष आवश्यक आहे. पापणीच्या कडेवरील जंतू व खरचटलेला कॉर्निया यांमुळे डोळ्याच्या आतील संसर्गाचा धोका वाढतो. त्यामुळे आधी पापणी दुरुस्त करून मग मोतीबिंदू काढणे श्रेयस्कर मानले जाते.

घरातील वृद्धांना डोळे घट्ट मिटून उघडण्यास सांगावे आणि खालच्या पापणीचे केस बाहेर दिसतात की नाही, ते पाहावे. केस आत गेलेले दिसल्यास नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. तीव्र वेदना, प्रकाश सहन न होणे, अंधुक दिसणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे ही लक्षणे असतील, तर त्याच दिवशी उपचार घेणे अत्यावश्यक आहे.