पायांतलं अंतर सव्वा मिलिमीटर

टेबलावरचं इलेक्ट्रॉनिक्स : लेखांक ११

गेल्या आठवड्यात ब्रेडबोर्डवर चाललेलं सर्किट झिरो पीसीबीवर उतरवलं. त्यातल्या आयसींचे पाय २.५४ मिलिमीटर अंतरावर होते, म्हणून ते भोकांत निमूट बसले. पण हवेचा दाब आणि आर्द्रता मोजणारा बीएमई२८० हा सेन्सर लांब पायांचा मागायला लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत गेलात, तर रिकाम्या हातांनी परत याल. तो तसा बनतच नाही. अडीच मिलिमीटरच्या त्या चौकोनाला पायच नाहीत, पोटाखाली नुसते आठ पॅड आहेत.

तिथवर जायला अवकाश आहे. सुरुवात एसओआयसी या आखूड पायांच्या चिपांपासून करू. त्यातल्या पायांचं अंतर १.२७ मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या आयसीच्या बरोबर निम्मं. सोबत एक अडॅप्टर बोर्ड घ्या. स्वस्त बोर्डांवर बहुधा एका बाजूला १.२७चे पॅड असतात आणि दुसऱ्या बाजूला ०.६५चे. घाईत उलटी बाजू वर येते, तेवढं पाहा.

हे काम स्थिर हातांचं आहे, असा समज आहे. माझ्या मते ते फ्लक्सचं आहे. तांब्यावर ऑक्साइड चढलेलं असलं, की वितळलेलं सोल्डर अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बसतं. फ्लक्स तो थर काढतो, मग सोल्डर धातूवर आपोआप पसरतं. दोन पॅडच्या मधल्या हिरव्या थराला मात्र ते धरत नाही. पृष्ठताणामुळे ते ज्याच्या त्याच्या पॅडवर ओढलं जातं. म्हणून फ्लक्स सढळ हाताने लावा, पण राळेचाच. पत्र्याच्या कामाचा आम्लयुक्त फ्लक्स तांबं खातो.

आता कृती. कोपऱ्यातल्या एकाच पॅडवर थोडं सोल्डर घ्या. एक नंबरच्या पायाची खूण जुळवून चिप चिमट्याने धरा, ते सोल्डर पुन्हा वितळवा आणि चिप सरकवून बसवा. तिरकी बसली तर पुन्हा तापवा, एकच पाय अडकलेला आहे. सरळ झाली की समोरचा कोपरा पक्का करा, आणि मगच बाकीचे पाय. बारीक चिपला टोकदार बिट लागते, असं दुकानदार सांगेल. ऐकू नका. टोकात उष्णता टिकत नाही, चपटी बिट बरी. ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं, आयर्न ३२०च्या आसपास ठेवा.

दोन पाय जोडले गेले तर फ्लक्स लावलेली तांब्याची विक वर ठेवून तापवा. विक थंड झाल्यावर ओढाल तर पॅडच उखडून येईल. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि शेजारशेजारचे पाय मल्टिमीटरवर तपासा. बीप वाजली तर आधी सर्किट पाहा, कधी ते पाय मुळातच जोडलेले असतात. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अडॅप्टरवरच, चिपच्या सप्लायच्या पायांलगत लावा. ब्रेडबोर्डवर दूर लावलेल्याचा फारसा उपयोग होत नाही.

पुढच्या आठवड्यात बिनपायांच्या चिपा आणि गरम हवेचं यंत्र. तोवर दोन-चार एसओआयसी एलएम३५८ आणा, ते स्वस्त असतात, आणि बसवून-उपटून बघा. महागड्या सेन्सरला तूर्त हात लावू नका.