ओलं म्हणजे ताजं?

सुपरमार्केटच्या सॅलड विभागात लेट्यूस, पातीचा कांदा, कोथिंबीर सगळं नुकतंच न्हाऊन आल्यासारखं दिसतं. ‘पाणी मारून वजन वाढवतात’ हा त्यावरचा आपला ठरलेला शेरा. जुडीने घेतलेल्या कोथिंबिरीला तो लागूच होत नाही. किलोवर घ्यायची भाजी झटकून घ्यावी, हे मात्र खरं. पण पाणी मारायचं मुख्य कारण वेगळंच आहे: घट. तोडलेली भाजी जिवंत असते. ती श्वास घेते, पाणी सोडत राहते आणि मुळांकडून नवं पाणी येणं तर थांबलेलं असतं. वजनात शंभरात तीन ते पाच भागांची घट झाली, तरी पालेभाजी मान टाकते. मंडईतल्या मावशी जुड्यांवर ओलं गोणपाट पसरतात ते उगाच नाही.

याच्या उलटचा समज जास्त फसवा आहे, की ओलं आणि ताठ दिसतं ते ताजंच. कोमेजलेल्या लेट्यूसच्या देठाचा तळ छाटून ते थोडा वेळ पाण्यात ठेवलं की पेशी पाणी पिऊन फुगतात आणि पान पुन्हा ताठ होतं. अमेरिकेतल्या दुकानांत हे रोजच्या कामापैकी एक असतं. मला यात लबाडी वाटत नाही, पण ताठपणावरून भाजीचं वय कळत नाही एवढं खरं. देठाचा काप पाहावा. तो तपकिरी असेल तर छाटून बराच वेळ झालाय. पांढरा असेल तर… सकाळीच पुन्हा छाटलेला असू शकतो!

‘नुसतं पाणी तर आहे, त्याने काय होणार?’ १९८९ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात बोगालुसा या गावी लिजनेअर्स नावाच्या न्यूमोनियाची साथ आली, ३३ जणांना. माग काढता काढता तपासनीस पोचले ते एका किराणा दुकानात, भाजीवर धुकं सोडणाऱ्या यंत्रापाशी. त्याच्या टाकीत जिवाणू वाढले होते आणि थेंब इतके बारीक होते की सरळ फुप्फुसात जावेत. दोष फवाऱ्याचा नव्हे, न धुतलेल्या टाकीचा.

‘जितकं गार, तितकं टिकतं’ हेही सरसकट खरं नाही. लेट्यूसला शून्याच्या आसपासचं तापमान मानवतं. काकडी मात्र दहा अंशांखाली बरेच दिवस राहिली तर तिच्यावर खड्डे पडतात, ती पाणचट, लिबलिबीत होते. टोमॅटोचं नुकसान डोळ्यांना दिसतही नाही. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी पिकलेले टोमॅटो सात दिवस पाच अंशांवर ठेवले. चव-वास देणारी द्रव्यं घटली आणि टोमॅटो बाहेर काढल्यावरही पूर्ण भरून आली नाहीत. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून गारेगार कपाटातला लालबुंद टोमॅटो पाहून मी तरी हुरळत नाही. शिवाय पिकता टोमॅटो इथिलीन वायू सोडतो आणि त्याच्या शेजारची काकडी लवकर पिवळी पडते. लाल-हिरव्या रंगांची जोडी मांडणीत कितीही शोभली, तरी ती दिवसभरात खपणार असेल तरच ठीक.

ढोबळी मिरचीच्या तळाशी तीन उंचवटे असले तर नर, चार असले तर मादी, हे निव्वळ थोतांड. फळाला लिंग नसतं. हिरवी मिरची म्हणजे बहुधा लाल किंवा पिवळी होण्याआधी तोडलेली मिरची. झाडावर जास्त दिवस ठेवावी लागते म्हणून रंगीत महाग.

काकडीला गुंडाळलेलं पातळ प्लास्टिक पाहून मीही नाक मुरडायचो. पण ते तिचं पाणी अडवून धरतं आणि तिचं आयुष्य कितीतरी दिवसांनी वाढवतं. लांबच्या प्रवासाला ते उपयोगी आहे. गावच्या काकडीला त्याची गरज नाही.

राहिला तो उतू जाणारा ढीग. मोठा ढीग म्हणजे भरपूर माल, असं आपल्याला वाटतं. वास्तविक खालची भाजी वरच्या भाराने चेंगरते, म्हणून जाणता दुकानदार माल थोडाच काढतो आणि पुन्हा पुन्हा भरतो. वरच्या चार काकड्या सरकवून खाली हात घालून पाहा. कधीकधी बोटांना लागतो तो पालथा घातलेला रिकामा क्रेट.