पाकिटावर फाइलचा पत्ता छापू नका, टोपणनाव छापा

समजा, तुम्ही वरणगावात केळी वेफर्सचा उद्योग सुरू केलाय. हजार पाकिटं छापून घेतली. त्यावर दरपत्रकाच्या पीडीएफचा क्यूआर कोड आहे. दिवाळीआधी दर बदलले, म्हणून तुम्ही वेबसाइटवर नवी पीडीएफ चढवली आणि जुनी काढून टाकली. आता भुसावळचा दुकानदार कोड स्कॅन करतो, तर समोर काहीच उघडत नाही. ऑर्डर गेली, छपाईचा खर्चही पाण्यात!

असं का होतं? वर्डप्रेसमध्ये फाइलचा पत्ता साधारणपणे वर्ष, महिना आणि फाइलचं नाव जोडून बनतो. नवी फाइल म्हटली की पत्ता नवा. छापलेला कोड मात्र जुनाच पत्ता धरून बसतो.

यावर उपाय म्हणजे टोपणनाव. तुमच्या डोमेननंतर तिरपी रेघ आणि पुढे फक्त ‘दर’. ही नुसती पाटी आहे. ती ग्राहकाला खऱ्या फाइलकडे पाठवते. फाइल बदलली की पाटीचा बाण फिरवायचा, बस्स.

कसं करायचं?

1. वर्डप्रेसमध्ये ‘रिडायरेक्शन’ हे मोफत प्लगइन टाका.
2. ‘सोर्स युआरएल’मध्ये टोपणनाव आणि ‘टार्गेट युआरएल’मध्ये फाइलचा पूर्ण पत्ता भरा.
3. गिअरचं चिन्ह दाबून 301 ऐवजी 302 निवडा. 301 म्हणजे ‘कायमचं हललं’. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुढे तुम्ही बदल केला तरी जुन्याच फाइलकडे जाऊ शकतो.
4. क्यूआर कोड टोपणनावाचाच बनवा.

नाव छोटं ठेवा, इंग्रजी लहान अक्षरांत. मराठी अक्षरं कॉपी करताना बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. नावात वर्ष किंवा भाव घालू नका, ते उद्या बदलणारच.

‘मग फुकटची लिंक छोटी करणारी सेवा का नको?’ कारण ती दुसऱ्याची जागा आहे. गूगलनेसुद्धा अशी आपली सेवा 2019 मध्ये नव्या लिंकसाठी बंद केली. डोमेन तुमचं असेल तर सूत्रं तुमच्याकडे. फक्त त्याचं नूतनीकरण वेळेवर करा, नाहीतर सगळेच कोड एकदम बंद पडतील.

छपाईला देण्याआधी दोन वेगवेगळ्या मोबाइलवर कोड स्कॅन करून बघा. मगच प्रेसवाल्याला ‘होऊ द्या’ म्हणा!