क्रेनची दोरी तुटली तर...

डेन्मार्कच्या लेगोच्या ठोकळ्यांची क्रेन वर्षानुवर्षे टिकते. आधी जीव सोडते ती तिची दोरी. मग एवढे महागडे खेळणे माळ्यावर जाते, मुलगा हिरमुसतो. खरे तर हातभर दोरीचा प्रश्न! पण दोरी कोणती घ्यावी?

घरात हाताशी असतो शिवणाचा दोरा. तो पिळाचा. त्याला आकडी लटकवली की पीळ उलगडू लागतो, आकडी गरगर फिरते आणि कप्पीवरून आलेले दोन पदर एकमेकांत गुंततात. सुती असेल तर घासून लव सुटते, ती वेगळीच. मासे पकडायची तंगूस मजबूत असते, पण तिची वेटोळी जात नाहीत. हलक्या आकडीने ती सरळ होत नाही. मांजा मात्र मुळीच नको. त्याची काच बोटेही कापते, प्लॅस्टिकही. नायलॉन मांजावर तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदीच घातली.

उत्तम ती वेणीसारखी विणलेली पॉलिएस्टरची बारीक दोरी. जुन्या दोरीचे १० वेढे पेन्सिलीवर चिकटून गुंडाळा, रुंदी मोजा, १० ने भागा. ही झाली जाडी. याहून जाड दोरी रिळात मावत नाही, फार बारीक असली तर कप्पीच्या खाचेतून निसटून बाजूला अडकते. टोक उसवू नये म्हणून मेणबत्तीजवळ क्षणभर धरावे. हे काम आईबाबांचे. आकडी जमिनीला टेकली तरी रिळावर दोनतीन वेढे उरले पाहिजेत, नाहीतर सगळा भार गाठीवर येतो. घरात रांगते बाळ असेल तर उरलेली दोरी लगेच उचलून ठेवा.