विजेची गाडी घरीं भरतांना

इस्त्री १६ अँपियरच्या प्लगवर घटकाभर चालते. विजेची मोटारगाडी त्याच प्लगमधून सात-आठ तास अखंड वीज ओढते. धोक्याचें मूळ येथेंच आहे. जूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं दाखविलें कीं, तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून ज्या चार्जरवर प्रवाह कमी करण्याची सोय आहे, तेथें घराची वायरिंग जुनी असल्यास १६ ऐवजीं १० अँपियर ठेवावे. एवढ्यानें तारेंतील उष्णता दोन-पंचमांशांहूनहि कमी होते. २३० व्होल्टवर मिळणारी शक्ति ३.७ किलोवॉटवरून २.३ वर येते व वेळ दीडपटीहून किंचित् अधिक लागतो, इतकेंच; रात्र मोठी असते! बॅटरीस यानें अपाय नाहीं, कारण केबलवरील पेटी केवळ प्रवाहाची मर्यादा कळविते. बॅटरीस किती द्यावयाचें तें गाडीच ठरविते.

अर्थिंग नसेल तर पुष्कळ चार्जर चालूच होत नाहींत. अशा वेळीं चार्जरला चकविण्याची युक्ति सांगणारे शहाणे भेटतात. त्यांचें मुळींच ऐकूं नये. जाणत्या वायरमनला बोलवावें, आणि ३० मिलिअँपियर गळती होतांच वीज तोडणारें यंत्रहि त्याच्याकडूनच बसवून घ्यावें. एक्स्टेंशनची तार वापरूं नये.

अर्ध्या तासानें वडील माणसानें प्लगच्या बाहेरील अंगास हात लावून पाहावा. चटका बसत असेल, तर आधीं गाडींतून भरणें थांबवावें, मग बटण बंद करावें, आणि नंतरच प्लग काढावा.