झेंडा दाखवणारे आणि धावणारे

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते आणि विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला भरते. वरवर पाहता या दोन गोष्टींचा काही संबंध नाही. पण मुंबईच्या उपनगरातल्या एखाद्या आमदाराने ४२.१९५ किलोमीटर धावायचे मनावर घेतले, तर त्याची पहिली गाठ या दोन तारखांशीच पडते. मॅरेथॉनच्या सरावातली सगळ्यात लांब धाव, तीस-बत्तीस किलोमीटरची, शर्यतीच्या तीनेक आठवडे आधी येते. त्यानंतर अंतर उतरवत न्यायचे आणि पायांना विश्रांती द्यायची. धावणारे याला ‘टेपर’ म्हणतात. म्हणजे सराव ऐन भरात येतो तो डिसेंबरात, आणि तेव्हाच १९५३ च्या नागपूर कराराचा मान राखत सगळे सरकार नागपुरात असते. दिवसा तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी, बाहेर मोर्चे, संध्याकाळी आमदार निवासात मतदारसंघातून आलेली माणसे, रात्री पक्षाची बैठक. एवढे सगळे उरकून पहाटे फुटाळा तलावाच्या काठी धावायला निघायचे, तर ती वेळ झोपेतूनच कापून काढावी लागते.

आपल्याकडे राजकारणी आणि मॅरेथॉन यांचे नाते जुने आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली ती सुरेश कलमाडींच्या पुढाकाराने. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन महापौरांच्या नावाने ओळखली जाते, वसई-विरारचीही तशीच. पण हे नाते बहुतेक वेळा आयोजकाचे, पाहुण्याचे आणि झेंडा दाखवणाऱ्याचे. प्रत्यक्ष धावणाऱ्या लोकप्रतिनिधीचे नाव विचारले, तर आपल्याला दूर चेन्नईला जावे लागते.

तिथल्या मा. सुब्रमणियन यांचे उदाहरण देशात सगळ्यांत ठळक आहे. २००६ ते २०११ चेन्नईचे महापौर, २०१६ मध्ये सैदापेट मतदारसंघातून विधानसभेवर, २०२१ मध्ये तमिळनाडूचे आरोग्यमंत्री. मधुमेह होता, अपघातात गुडघ्याला जबर दुखापत झाली होती. अशा माणसाने पन्नाशीनंतर धावायला सुरुवात केली आणि शंभराहून अधिक अर्धमॅरेथॉन पूर्ण केल्या. मंत्री झाल्यावरही पहाटेचे धावणे सोडले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तमिळनाडूच्या ३८ जिल्ह्यांत प्रत्येकी आठ किलोमीटरचा आरोग्य चालमार्ग सुरू झाला, तो त्यांच्याच खात्याकडून. जपानमध्ये असे मार्ग पाहून ही कल्पना घेतली होती. ज्या माणसाचे पाय रोज रस्त्यावर असतात, त्याला योजना सुचते तीही पायांचीच, असे मला त्यात दिसते.

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. मुंबई उपनगर जिल्हा १९९० साली वेगळा झाला. बोरिवलीपासून वांद्रे पश्चिमपर्यंत त्याचे विधानसभेचे २६ मतदारसंघ. मुलुंड, घाटकोपर पूर्व-पश्चिम, अंधेरी पूर्व-पश्चिम सगळे त्यात आले. २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन मात्र मुख्यतः शहराची. पूर्ण मॅरेथॉन सीएसएमटीहून सुटते, सागरी सेतूने वांद्र्याला टेकते आणि माहीमवरून परत फिरते. उपनगराच्या वाट्याला वांद्र्याचा तेवढा तुकडा येतो. सराव मात्र उपनगरांत जोरात चालतो. बोरिवलीकर राष्ट्रीय उद्यानात जातात, गोरेगाव-अंधेरीचे लोक आरेत, पवईचे तलावाकाठी, मुलुंड-घाटकोपरचे पूर्व द्रुतगती महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर.

मी बोरिवलीचा. रविवारी उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरीपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता हा आमच्या गटाचा नेहमीचा अभ्यास. सुरुवातीला सपाट, मग झाडीतून चढ, शेवटी दम काढणारी चढण. ज्याला वेगात जायचे असते तो तिथे गप्प होतो. आमच्यात बँकेतले आहेत, शाळेतल्या बाई आहेत, रिक्षा चालवणारे एक काका आहेत. पेस, हाफ, फुल, बिब, पीबी असे शब्द सगळ्यांच्या तोंडी सारखेच. घड्याळ दाखवते तोच मान. तिथे कुणी कुणाला साहेब म्हणत नाही.

साहेब भेटतात ते स्थानिक स्पर्धेच्या सकाळी. पाच किलोमीटर, दहा किलोमीटर, ‘फिट उपनगर’ किंवा तसेच काही नाव. मैदानावर मंच, मंचावर साहेबांचा, त्यांच्या साहेबांचा आणि त्यांच्याही साहेबांचा फोटो. टी-शर्टवर पुढे प्रायोजक, मागे पुन्हा साहेब. साडेपाचपासून झुंबा चालू असतो. अंग तापते, घाम येतो आणि मग निवेदक सांगतो, ‘साहेब पाच मिनिटांत पोहोचत आहेत.’ ती पाच मिनिटे लांबतात, तापलेले अंग थंड होते, सूर्य वर येतो. साहेब येतात, हार, भाषण, झेंडा. पहिल्या शंभर मीटरला कार्यकर्ते साहेबांसोबत धावतात, कॅमेरे उलटे पळत असतात. मग गाडी येते.

यात साहेबांना दोष देऊन भागणार नाही, कारण उपनगरातल्या आमदाराचा दिवस जवळून पाहिला की धावायला वेळ कुठून काढणार हा प्रश्न खरा वाटतो. माझ्या ओळखीच्या एकांच्या कामासाठी मी अशा कार्यालयात बराच वेळ बसलो आहे. सकाळी आठला बाहेर रांग असते. कुणाला शाळेत प्रवेशासाठी पत्र हवे, कुणाला मोठ्या रुग्णालयात खाट, कुणाच्या चाळीत पाणी येत नाही, कुणाची झोपडपट्टी पुनर्वसनाची फाइल पात्रतेवर अडकलेली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर बराच काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. त्यामुळे गटाराचे तुटलेले झाकणही आमदाराच्या दारात आले. अधिवेशन मुंबईत असेल तेव्हा अकराच्या सुमारास सभागृहाची घंटा वाजते, आणि अंधेरी ते चर्चगेट हे लोकलचे अंतरच बावीसेक किलोमीटर, म्हणजे अर्धमॅरेथॉनहून थोडे जास्त. बोरिवलीहून चौतीस. संध्याकाळी परत आले की बारसे, वाढदिवस, सत्यनारायण, एखादी मयत, भाद्रपदात मंडळांचे गणपती, आश्विनात गरबा. प्रत्येक ठिकाणी चहा आणि पेढा. नको म्हटले तर यजमान रुसतो. अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत मध्यरात्र उलटते.

मॅरेथॉनला यातले काहीच चालत नाही. तिला आठवड्यातले चार-पाच दिवस हवेत: एक दिवस चढ, एक दिवस वेग, दोन दिवस सावकाश आणि रविवारी लांब. अंतर एकदम वाढवले की नडगी दुखते, गुडघा बोलतो. झोप कमी पडली की स्नायू सावरत नाहीत. शरीरातला ग्लायकोजेनचा साठा साधारण तीस-बत्तीस किलोमीटरला संपत येतो. पुढे पाय शिशासारखे जड होतात. याला ‘वॉल लागणे’ म्हणतात. मुंबईत वर्षानुवर्षे ही वॉल परतीच्या वाटेवर पेडर रोडच्या चढाच्या आसपास गाठत आली आहे. तिथे कार्यकर्त्यांचा ताफा उपयोगी पडत नाही. आदल्या चार महिन्यांत काय केले, तेवढेच उपयोगी पडते.

म्हणून मला वाटते, मॅरेथॉन राजकारण्याला एक अवघड सवय लावू शकते: मोजून घेण्याची. बुटाला किंवा बिबला, म्हणजे छातीवरच्या क्रमांकाला, लावलेली चिप प्रत्येक टप्प्यावर वेळ नोंदवते आणि निकाल कायमचा राहतो. २०१२ साली अमेरिकेत पॉल रायन उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. एका मुलाखतीत ते सांगून बसले की तरुणपणी आपण तीन तासांच्या आत मॅरेथॉन धावलो. धावण्याच्या एका मासिकाने जुना निकाल काढला; १९९० साली मिनेसोटातल्या शर्यतीत त्यांची वेळ होती चार तास, एक मिनिट, पंचवीस सेकंद. तासाभराचा फरक धावणाऱ्याला क्षुल्लक वाटत नाही. रायन यांना चूक मान्य करावी लागली. जाहीरनाम्यातले आश्वासन इतक्या लवकर आणि इतक्या अचूकपणे कधी पकडले जात नाही.

आपल्याकडेही लोकप्रतिनिधींना मोजण्याचा प्रयत्न होतो, त्याची आठवण इथे करायला हवी. प्रजा फाउंडेशन ही संस्था मुंबईच्या आमदारांचे प्रगतिपुस्तक प्रसिद्ध करते: सभागृहातली हजेरी, विचारलेले प्रश्न, त्या प्रश्नांचा दर्जा, दाखल गुन्हे. आमदारांना ते फारसे आवडत नाही, आणि मतदार ते फारसे वाचत नाहीत. धावणाऱ्या माणसाला असे प्रगतिपुस्तक दर रविवारी मिळते आणि तो ते स्वतःहून मागतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची. बोरिवलीच्या उद्यानातून बाहेर पडून पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या कडेने अंधेरीपर्यंत धावत गेले की शासनाचा सगळा नकाशा पायांखालून जातो. उद्यान वनखात्याचे. महामार्ग आधी एमएमआरडीएचा, २०२२ च्या अखेरीस महापालिकेकडे आला. डोक्यावरची मेट्रो एमएमआरडीएची. मध्येच आरेत वळलात तर दुग्धव्यवसाय विकास विभागाची हद्द. आर मध्यपासून के पूर्वपर्यंत महापालिकेचे चार-पाच वॉर्ड. वॉर्ड बदलला की पदपथ बदलतो, हे गाडीत बसून कळत नाही. एका ठिकाणी पेव्हर ब्लॉक उचकटलेले, पुढे पदपथावर विजेची डीपी, त्यापुढे पदपथच नाही. नव्या काँक्रीटच्या रस्त्यावर खड्डा नसतो हे खरे, पण दर पावलाला तो डांबरापेक्षा जास्त हाणतो, आणि नडगी दुसऱ्या दिवशी हिशेब देते. डिसेंबरात वारा पडलेला असतो. बांधकामांची धूळ आणि धूर खालीच साचतात, तेव्हा आमच्या गटात धावायला निघण्याआधी हवेचा निर्देशांक पाहिला जातो आणि कधी कधी धाव रद्द होते.

बायकांना या रस्त्यावर आणखी दोन गोष्टी मोजाव्या लागतात: दिवे आणि स्वच्छतागृहे. आमच्या गटातल्या बाईंना उघडे स्वच्छतागृह पहाटे पाचला कुठे मिळते ते पाठ आहे, आणि त्यावरच त्यांचा मार्ग ठरतो. कुठला दिवा गेला आहे, कुठे कुत्री अंगावर येतात, कुठे पाणपोई कोरडी आहे, याची यादी पहाटे धावणाऱ्या कुणाही बाईकडे तयार असते. सभागृहात मांडायला प्रश्न सापडत नसेल त्या आमदाराने तिला विचारावे.

उद्यानाच्या पोटातून ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड असे जुळे बोगदे होत आहेत. ते गाड्यांसाठी आहेत. मुंबईची मोठी कामे बहुतेक चाकांचा विचार करून आखली जातात, कारण ती ठरवणारी माणसे चाकांवर फिरतात. पायी चालणारा मतदार संख्येने जास्त असूनही नकाशात शेवटी येतो. लोकप्रतिनिधीने धावावे असे मी म्हणतो ते त्याच्या तब्येतीसाठी नाही, या उलटलेल्या क्रमासाठी.

पूर्ण मॅरेथॉन कुणावर लादता येत नाही, आणि नागपूरचे अधिवेशनही पुढे ढकलता येत नाही. पण आमदाराला दर वर्षी पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. तो खर्च करण्याआधी उपनगरातल्या २६ आमदारांनी एक रविवार काढावा. कॅमेरा नको, टी-शर्ट नको, ताफा नको. पहाटे पाचला आपल्या मतदारसंघाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जावे. धावत जमले तर धावत, नाहीतर चालत. आणि तुमच्या भागात पुढची ‘साहेबांची दौड’ होईल, तेव्हा तुम्हीही फुकटच्या टी-शर्टसाठी रांग लावू नका. साहेबांना झेंडा खाली ठेवायला सांगा, बिब लावायला सांगा आणि शेवटच्या किलोमीटरपर्यंत सोबत घेऊन चला. पदपथाचा अर्ज वाटेतच द्या.