लॅपटॉप लंडनमध्ये, पत्ता भारतातला!

काही वर्षांपूर्वी एका परिषदेसाठी मी लंडनला गेलो होतो. खोलीत बसून भारतातून नेलेल्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू केला, त्याला लॅपटॉप जोडला आणि हवामान पाहिले. खिडकीबाहेर लोक कोट घालून चालले होते आणि पडद्यावर हवामान मुंबईचे! दुसऱ्या दिवशी तोच लॅपटॉप ग्रंथालयाच्या वाय-फायला जोडला, तर हवामान लंडनचे. लॅपटॉप तोच, शहर तेच. मग फरक कशामुळे पडला?

दोन्ही वेळा लॅपटॉप रेडिओलहरींनीच बोलत होता. वाय-फायचा एक नेहमीचा पट्टा २.४ अब्ज हर्ट्झचा, म्हणजे सुमारे १२.५ सेंटिमीटर तरंगलांबीचा. तो बहुतेक देशांत परवान्याविना वापरता येतो. म्हणून आपला लॅपटॉप परदेशातही मुकाट्याने चालतो. फरक पडतो तो पुढच्या वाटेत.

परक्या गावात गेलात की कोणीतरी विचारतेच, "कोणाकडचे पाहुणे?" तिथला मनोराही तुमच्या मोबाइलला हेच विचारतो. सिमकार्डात एक गुप्त संख्या दडवलेली असते. तिची खूण पटते का, हे तिथली कंपनी तुमच्या भारतीय कंपनीकडून ताडून घेते. यालाच रोमिंग म्हणतात. गंमत पुढेच आहे. ओळख पटली तरी पाहुण्याची माहिती तिथल्या तिथे इंटरनेटवर सोडली जात नाही. बहुधा ती आधी मायदेशी, आपल्या कंपनीच्या दारी जाते आणि तेथून जगात बाहेर पडते. साहजिकच तिच्यावर अंकी पत्ता भारतातला पडतो. त्या पत्त्यावरून संकेतस्थळाने अंदाज बांधला आणि मला मुंबईचे ऊन दाखवले!

आता थोडे गणित करू. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, म्हणून काचतंतूत प्रकाशाचा वेग दर सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर. लंडन-मुंबई सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. समजा, कंपनीचे दार मुंबईत आहे आणि तुम्हाला लंडनमधलेच संकेतस्थळ हवे आहे. तुमची मागणी मुंबईला जाऊन लंडनला परतते. उत्तरही त्याच वाटेने येते. एकूण चार फेऱ्या, म्हणजे २८,८०० किलोमीटर. त्यांना ०.१४४ सेकंद लागतात. समुद्रतळाच्या केबली सरळ रेषेत नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात उशीर याहून अधिक होतो. एक पान उघडताना अशा अनेक फेऱ्या होतात, म्हणून लॅपटॉप रेंगाळल्यासारखा वाटतो.

पण मला खरा फटका बसला तो वेगळ्याच गोष्टीने. हॉटस्पॉट हेही लॅपटॉपच्या लेखी साधे वाय-फायच! मी झोपलो असताना त्याने आपल्या प्रणालीची नवी आवृत्ती उतरवून घेतली आणि रोमिंगचा सारा डेटा संपला. सहकाऱ्याने पुण्याहून पाठवलेले दुरुस्त आलेख सकाळी उघडेनात. शेवटी चुकीच्या आलेखांवरच मला व्याख्यान द्यावे लागले. श्रोत्यांनी चूक दाखवली, तेव्हा मान खाली घालण्यावाचून गत्यंतर नव्हते.

तेव्हा घरातले कोणी परदेशी निघाले, तर त्यांना एवढे जरूर सांगा. हॉटस्पॉट जोडताच लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड' हा पर्याय निवडावा, म्हणजे मोठी उतरवणी बहुतांशी थांबते. मुक्काम लांबला तर तिथल्या कंपनीचे सिम घ्यावे, म्हणजे मायदेशाची फेरी वाचते. ई-सिम घेताना मात्र चौकशी करावी, कारण काही ई-सिमची माहिती तिसऱ्याच देशातून फिरून येते. भारतीय सिम काढून टाकू नये, कारण बँकेचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. त्यावरचे डेटा रोमिंग तेवढे बंद ठेवावे. आणि स्टेशनवरच्या फुकट वाय-फायला जोडण्यापूर्वी त्याचे नेमके नाव तिथल्या कर्मचाऱ्याला विचारावे. खऱ्यासारखे नाव कोणीही देऊ शकतो.

जाता जाता तुमच्यासाठी एक उदाहरण. काही विमानांतले वाय-फाय सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहामार्फत चालते. मागणी वर जाते व खाली येते, उत्तरही वर जाते व खाली येते. येथे वाटेत काच नाही, तेव्हा वेग दर सेकंदास ३ लाख किलोमीटर धरा. लंडन-मुंबईच्या चार फेऱ्यांच्या मानाने हा उशीर किती पट होईल?